चित्रातील नामनिर्देश का सरकतात? : निदान व उपाय

प्रास्ताविक

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पहिल्याच अध्यायात शेळ्या-मेंढ्या व गाई राखणारे आणि वनात वास्तव्य करणारे लोक औषधींना नाम व रूप यांवरून ओळखतात, असा उल्लेख येतो. केवळ नामरूप जाणल्याने औषधीचे पूर्ण ज्ञान होत नाही, हेही तेथेच पुढे स्पष्ट केले आहे. तथापि ज्ञानाची पहिली पायरी तीच होय. ग्रंथातील चित्र रूप दाखविते आणि चित्रातील नामनिर्देश, ज्याला आपण व्यवहारात लेबल म्हणतो, त्या रूपाशी नाव जोडतो. ही जोड तुटली तर चित्र कितीही सुबक असले तरी ते वाचकाची दिशाभूल करते.

अलीकडे अनेक वैद्य आपल्या पुस्तिका, रुग्णांसाठीची पत्रके, मर्मस्थानांचे तक्ते व औषधी वेष्टने संगणकावर स्वतः किंवा डीटीपी करणाऱ्यांकडून तयार करून घेतात. चित्र एका प्रणालीत काढले जाते, मजकुराची जुळणी दुसऱ्या प्रणालीत होते आणि या स्थलांतरात चित्रातील नावे जागा सोडतात. हा दोष वरवर किरकोळ वाटतो. तो किरकोळ का नाही, हे आमच्याच एका अनुभवावरून सांगून त्याची कारणे, लक्षणे व उपाय यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कुड्याच्या चित्रपृष्ठाचे उदाहरण

घोडबंदर रस्त्याच्या एका अंगाला येऊरचा डोंगर व संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे वन आहे, तर दुसऱ्या अंगाला खाडी. या रस्त्यालगत व्यवसाय करणाऱ्या आम्ही काही वैद्यांनी परिसरातील औषधी वृक्षांची एक लहान सचित्र पुस्तिका करावयाचे योजले. राष्ट्रीय उद्यानातून वनस्पती वा तिचा भाग तोडून आणता येत नाही. म्हणून जागेवर निरीक्षण करून रेखाटने केली आणि ती संगणकावर उतरविली. त्यातील एक पृष्ठ पांढरा कुडा व काळा कुडा यांच्या तुलनेचे होते.

पांढरा कुडा म्हणजे आपला कुटज, होलॅऱ्हेना प्युबेसन्स. जुन्या ग्रंथांत तो होलॅऱ्हेना अँटिडिसेंटेरिका या नावाने आढळतो. काळा कुडा म्हणजे राइटिया टिंक्टोरिया. दोन्ही वृक्ष एकाच कुळातील असून दोहोंत चीक आहे, दोहोंच्या लांब शेंगा जोडीने येतात आणि दोहोंच्या बिया बाजारात इंद्रजव या नावानेच फिरतात. पांढऱ्या कुड्याच्या शेंगांची टोके सुटी असतात; काळ्या कुड्याच्या कोवळ्या शेंगांची टोके एकमेकांस जुळलेली असतात. पांढऱ्याचे बी कडू, म्हणून कडू इंद्रजव. काळ्याचे तसे कडू नसते, म्हणून गोडा इंद्रजव. वाळलेल्या सालीचे तुकडे मात्र नुसत्या डोळ्यांनी वेगळे करणे कठीण. अतिसार व प्रवाहिका यांत जी साल आपण वापरतो, तीत काळ्या कुड्याच्या सालीची भेसळ होते हे औषधनिर्मात्यांना सांगावयास नको.

आमच्या पृष्ठावर सहा चित्रे एकाखाली एक होती : पहिली दोन शेंगांची, पुढील दोन बियांची व शेवटची दोन सालींची. प्रत्येक जोडीत वर पांढरा व खाली काळा. प्रत्येक चित्राच्या उजवीकडे केवळ ‘पांढरा कुडा’ किंवा ‘काळा कुडा’ एवढेच लिहावयाचे होते. आम्ही ही सहाही नावे एकाच मजकूरपेटीत टंकित केली आणि प्रत्येक नाव आपापल्या चित्रासमोर येईपर्यंत एंटरची कळ दाबून रिकाम्या ओळी सोडल्या. एका नावापासून दुसऱ्यापर्यंत चार ओळी, एक ओळ ५ मिलिमीटरची. म्हणजे अंतर २० मिलिमीटर. पडद्यावर सर्व यथास्थित दिसले.

हे चित्र पुस्तिकेच्या जुळणीत घेतले तेव्हा त्या संगणकावर आमचा फाँट नव्हता. प्रणालीने दुसरा देवनागरी फाँट आपण होऊन लावला. त्याची ओळ ६ मिलिमीटर उंचीची. त्यामुळे दोन नावांतील अंतर २४ मिलिमीटर झाले. पहिले नाव जागेवर राहिले. दुसरे ४, तिसरे ८, चौथे १२, पाचवे १६ व सहावे २० मिलिमीटर खाली गेले. परिणाम असा झाला की, पाचव्या चित्रासमोर, म्हणजे पांढऱ्या कुड्याच्या सालीजवळ, ‘काळा कुडा’ हे चौथे नाव आले. सहाव्या चित्रासमोर, म्हणजे काळ्या कुड्याच्या सालीजवळ, ‘पांढरा कुडा’ हे पाचवे नाव आले. आणि सहावे नाव चौकटीबाहेर गेल्याने कापले गेले. साल हाच प्रयोज्य भाग, आणि नेमकी सालींचीच नावे उलटली.

प्रुफाच्या पहिल्या वाचनात हे आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आले नाही. अक्षरे शुद्ध होती, वरची तीन नावे आपापल्या चित्रासमोर असल्यासारखी दिसत होती. दुसऱ्या वाचनात चौथ्या चित्रासमोर नाव नेमके कोणते, असा प्रश्न एका सहकाऱ्याने विचारला आणि मग सर्व उलगडले. छापखान्याचा यात दोष नव्हता. चित्र बांधण्याची आमची रीतच सदोष होती. पुस्तिका तशीच छापली गेली असती तर साल विकत घेणाऱ्या एखाद्या औषधनिर्मात्याने आमच्या चित्रावर विसंबून खरी साल परत केली असती व खोटी ठेवून घेतली असती.

रेषा व अक्षर यांतील भेद

सतराव्या शतकात कोचीनचा डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने ‘हॉर्टस मलबारिकस’ हा मलबारच्या वनस्पतींवरील ग्रंथ सिद्ध केला. १६७८ ते १६९३ या काळात अॅम्स्टरडॅम येथे त्याचे बारा खंड छापले गेले. इट्टी अच्युदन या मलबारी वैद्याप्रमाणेच रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट या कोकणी वैद्यांचे साहाय्य त्यास लाभले होते. या ग्रंथातील चित्रांवर वनस्पतीचे नाव रोमन, मल्याळम्, अरबी व देवनागरी अशा लिप्यांत आहे. चित्र व नाव दोन्ही तांब्याच्या एकाच पत्र्यावर कोरलेली असल्याने पत्रा कोठेही नेला तरी नाव चित्राला सोडून जाणे शक्य नव्हते. कोरताना चूक होऊ शकत होती. कोरल्यानंतर सरकणे संभवत नव्हते.

संगणकावरील व्हेक्टर चित्राची गोष्ट निराळी आहे. त्यात पानाची कडा, शेंगेचा आकार, निर्देशक रेषा हे सर्व बिंदूंच्या अंकांत साठविलेले असते. अमुक बिंदूपासून तमुक बिंदूपर्यंत अशी वक्ररेषा काढावी, अशी ती आज्ञा असते व ती सर्वत्र एकाच प्रकारे पाळली जाते. अक्षरांबाबत मात्र चित्रात साधारणतः चारच गोष्टी नोंदलेल्या असतात : कोणता मजकूर, कोणता फाँट व आकार, कोणत्या आधारबिंदूवर, आणि त्या बिंदूपासून मजकूर उजवीकडे वाढवावयाचा, दोन्हीकडे सारखा पसरावयाचा की डावीकडे वाढवावयाचा. अक्षरांचे प्रत्यक्ष आकार फाँटच्या धारिकेत असतात व ते चित्र उघडणाऱ्या संगणकाने पुरवावयाचे असतात. म्हणजे रेषा चित्राबरोबर प्रवास करते; अक्षर मात्र मुक्कामाच्या गावी नव्याने घडविले जाते. नामनिर्देश सरकण्याचे मूळ बहुतेक वेळा येथे आहे.

हेतू

या दोषाचे हेतू मुख्यतः सहा सांगता येतील.

(१) फाँटचा अभाव. युनिकोडपूर्व काळातील मराठी फाँट, उदाहरणार्थ श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या प्रणालींतील फाँट, अक्षरांसाठी स्वतःची सांकेतिक रचना वापरीत. तो विशिष्ट फाँट नसेल तर तोच मजकूर रोमन अक्षरे व चिन्हे यांच्या खिचडीसारखा दिसतो. युनिकोड फाँटमध्ये अक्षरे ओळखू येतात. परंतु बदली फाँटची रुंदी व ओळीची उंची वेगळी असल्याने जागा बदलते.

(२) जोडाक्षरांच्या जुळणीचा अभाव. युनिकोडमध्ये ‘पि’ लिहिताना आधी ‘प’ व नंतर ऱ्हस्व वेलांटी साठविली जाते. ती ‘प’च्या अलीकडे नेऊन दाखविण्याचे काम जुळणीच्या प्रणालीचे असते. ते न झाल्यास ‘पित्त’ या शब्दाची वेलांटी चुकीच्या जागी दिसते व ‘त्त’ फुटतो. पेजमेकर ही प्रणाली युनिकोड जाणत नाही. इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची अंगभूत सोय २०१२ सालच्या सीएस-६ आवृत्तीपासून आली. तीतही परिच्छेदासाठी वर्ल्ड-रेडी कंपोजर निवडलेला असावा लागतो.

(३) आधारबिंदूचा गैरअर्थ. मध्यावर धरलेला मजकूर नव्या प्रणालीने डाव्या कडेपासून सुरू केला की तो आपल्या निम्म्या रुंदीइतका उजवीकडे जातो. उजवी कड धरलेला मजकूर तसाच वाचला गेला तर पूर्ण रुंदीइतका सरकतो.

(४) मापनातील भेद. एसव्हीजी प्रकारच्या चित्रात माप अनेकदा पिक्सेलमध्ये असते आणि एका इंचात किती पिक्सेल धरावेत, याविषयी प्रणालींत एकमत नव्हते. इंकस्केप ही प्रणाली पूर्वी ९० धरीत असे. २०१७ सालच्या ०.९२ आवृत्तीपासून ती ९६ धरू लागली. त्यामुळे १६० मिलिमीटर रुंदीचे जुने चित्र परिवर्तन न करता नव्या मापाने वाचले तर १५० मिलिमीटरचे होते. चित्र एका मापाने व नावांचा थर दुसऱ्या मापाने आला की दोहोंची फारकत ठरलेलीच.

(५) सीमाचौकटीतील भेद. चित्र बाहेर काढताना पूर्ण पृष्ठ घेतले की केवळ रेखाटनाचा भाग घेतला, यावर त्याचा आरंभबिंदू ठरतो. कोपऱ्यात विसरलेले एखादे रिकामे मजकूरचिन्हही चौकट मोठी करते व सर्व चित्र सरकल्यासारखे दिसते. उलटपक्षी चौकट लहान असल्यास काठावरची नावे कापली जातात.

(६) आकारातील विषमता. चित्र लहान केले तरी अक्षरे मूळ आकारात राहणे. लाटेक वापरणाऱ्यांना हे विशेष अनुभवास येते. इंकस्केपमधून चित्र पीडीएफ व मजकूर लाटेक अशा दोन भागांत बाहेर काढला असता चित्राची रुंदी आपण सांगू तशी बदलते, परंतु अक्षरे पुस्तकाच्या फाँटमध्ये व पुस्तकाच्याच आकारात उमटतात. पुस्तकाशी एकरूप अक्षरे मिळणे हा त्या पद्धतीचा गुण; लहान चित्रात ती एकमेकांवर चढणे हा तिचा दोष.

लक्षणांवरून निदान

नाव सरकलेले दिसताच ते माउसने ओढून जागेवर बसविण्याचा मोह होतो. ही लाक्षणिक चिकित्सा झाली. हेतू कायम राहिल्याने पुढील वेळी चित्र पुन्हा घेतले की दोष पुन्हा उद्भवतो, आणि तेव्हा तो कोठे उद्भवेल हे सांगता येत नाही. म्हणून आधी मूळ चित्राची व प्रुफाची छापील प्रत शेजारी ठेवून मोजपट्टीने चार-पाच नावांचे सरकणे मोजावे. त्या मापांत हेतू दडलेला असतो.

सर्व नावे एकाच दिशेने व सारख्याच अंतराने सरकली असतील तर सीमाचौकट तपासावी. सरकण्याचे अंतर प्रत्येक नावाच्या रुंदीनुसार बदलत असेल, लांब नाव अधिक व आखूड नाव कमी सरकले असेल, तर आधारबिंदूचा गैरअर्थ झाला आहे किंवा फाँट बदलला आहे. एका कोपऱ्याजवळची नावे जागेवर आणि दूरची नावे अंतराच्या प्रमाणात अधिकाधिक हललेली असतील तर मापनातील भेद आहे. एकाच स्तंभातील नावे वरून खाली क्रमाने अधिकाधिक घसरत असतील तर ती एकाच मजकूरपेटीत असून ओळीची उंची बदललेली आहे. आमच्या कुड्याच्या पृष्ठाचे निदान हेच. नाव जागेवर असून फुगलेले किंवा शेजाऱ्यावर चढलेले असेल तर आकारातील विषमता. नावाच्या जागी काळा चौकोन दिसत असेल किंवा नाव नाहीसेच झाले असेल, तर इंकस्केपमध्ये चौकटीत वाहणारा मजकूर वापरला गेला असण्याचा संभव आहे. असा मजकूर इतर अनेक प्रणालींना वाचता येत नाही.

वेलांट्या व जोडाक्षरे बिघडली असतील तर जागेचा विचार नंतर करावा. अक्षरेच चुकीची असताना त्यांची रुंदी मोजण्यात अर्थ नाही.

उपाय

निदान झाल्यावर उपाय अवघड नाहीत. त्यांतील बहुतेक निदानपरिवर्जनाचेच आहेत, म्हणजे मुळात कारण घडू न देणे.

पहिला उपाय : प्रत्येक नाव स्वतंत्र मजकूर म्हणून लिहावे. एका पेटीत अनेक नावे भरू नयेत आणि जागा साधण्यासाठी एंटर किंवा रिकाम्या जागेची कळ कदापि वापरू नये. ओळीची उंची बदलली तरी मग प्रत्येक नावाचा परिणाम त्याच्यापुरता राहतो, साखळीने वाढत नाही.

दुसरा उपाय : आधारबिंदू वस्तूच्या बाजूस ठेवावा. नाव चित्राच्या उजवीकडे असेल तर मजकूर डाव्या कडेने धरावा. डावीकडे असेल तर उजव्या कडेने. वर वा खाली असेल तर मध्यावर. असे केल्याने फाँट बदलून नाव रुंद झाले तरी ते वस्तूपासून दूरच्या बाजूस वाढते, वस्तूवर चढत नाही. नाव व त्याची निर्देशक रेषा यांचा गट बांधावा. रेषेचे टोक वस्तूला भिडलेले असले की नाव थोडे हलले तरी वाचक चुकत नाही. आमच्या पृष्ठावर निर्देशक रेषा असत्या तर सहा नावांची घसरण पहिल्याच दृष्टिक्षेपात उघडी पडली असती.

तिसरा उपाय : चित्र अंतिम आकारातच काढावे. पुस्तिकेत ११० मिलिमीटर रुंदीचे चित्र हवे असेल तर आरंभीच पृष्ठ तेवढे घ्यावे, माप मिलिमीटरमध्ये ठेवावे व जुळणीत शंभर टक्के आकारात घ्यावे. नंतर लहान-मोठे करण्याची वेळ आली नाही तर चौथा व सहावा हेतू बहुतांशी उरत नाहीत.

चौथा उपाय : छापखान्यासाठीच्या प्रतीत अक्षरांचे रेषांत रूपांतर करावे. कोरलड्रॉमध्ये कन्व्हर्ट टू कर्व्ह्ज, इलस्ट्रेटरमध्ये क्रिएट आउटलाइन्स व इंकस्केपमध्ये ऑब्जेक्ट टू पाथ या आज्ञांनी हे होते. नाव मग तांब्याच्या पत्र्यावर कोरल्यासारखे चित्राचाच भाग बनते. फाँट असो वा नसो, ते हलत नाही. परंतु याची किंमतही आहे. त्या नावातील शुद्धलेखनाची चूक नंतर टंकून दुरुस्त करता येत नाही आणि पीडीएफमध्ये ते नाव शोधले असता सापडत नाही. म्हणून सजीव अक्षरांची मूळ प्रत निराळी जपावी, तिच्या नावात ‘मूळ’ हा शब्द घालावा व रूपांतर नेहमी तिच्या प्रतिकृतीवरच करावे. या नियमाचा विसर पडून मूळ प्रतच रेषांकित करून बसलेले अनेकजण आम्ही पाहिले आहेत.

पाचवा उपाय : अक्षरे सजीव ठेवणे आवश्यक असेल तर पीडीएफमध्ये फाँट अंतर्भूत करून पाठवावे. मुद्रणासाठी ठरविलेल्या पीडीएफ-एक्स या प्रमाणात फाँट अंतर्भूत असणे अनिवार्यच आहे. पीडीएफ उघडून गुणधर्मांच्या खिडकीतील फाँटची यादी पाहावी. प्रत्येक नावापुढे तो अंतर्भूत असल्याची नोंद असली पाहिजे. युनिकोड मराठीसाठी जुन्या डब्ल्यूएमएफ प्रकाराचा अवलंब करू नये.

सहावा उपाय : चित्रावर केवळ अंक घालावेत व नावांची सूची चित्राखाली जुळणीच्या मजकुरात द्यावी. अंक एक-दोन अक्षरांचा असल्याने त्याची रुंदी फारशी बदलत नाही, आणि नावे मजकुरात असल्याने मुद्रितशोधक ती नेहमीप्रमाणे वाचतो. १०७ मर्मांच्या तक्त्यासारख्या दाट चित्रास ही रीत विशेष सोयीची आहे. तेथे दोन मर्मांतील अंतर छापील तक्त्यावर काही मिलिमीटरच असते, आणि एवढ्या जागेत ‘कटीकतरुण’ किंवा ‘शृंगाटक’ यांसारखी नावे सुरक्षित बसविणे अशक्यप्राय आहे.

लाटेक किंवा तत्सम जुळणी वापरणाऱ्यांनी नावविरहित चित्र घेऊन त्यावर नावे जुळणीतच ठेवावीत. मात्र त्यांच्या जागा मिलिमीटरमध्ये न सांगता चित्राच्या रुंदी-उंचीच्या प्रमाणात सांगाव्यात. ‘रुंदीच्या ०.६ व उंचीच्या ०.३५’ ही जागा चित्र कितीही लहान-मोठे केले तरी त्याच वस्तूवर राहते.

औषधी वेष्टनांविषयी

औषधनिर्मात्यांचा या विषयाशी संबंध अधिक निकटचा आहे. बाटलीवरचे लेबल हेही व्हेक्टर चित्रच होय व तेही एका संगणकावरून दुसऱ्यावर जाते. औषधे नियम, १९४५ (पूर्वीचे औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) यांतील नियम १६१ आयुर्वेदीय औषधांच्या लेबलांविषयी आहे. घटकद्रव्यांची यादी, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख इत्यादी मजकूर त्यानुसार द्यावा लागतो. अनुसूची ई(१) मधील द्रव्य असलेल्या, पोटात घ्यावयाच्या औषधावर ते वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे असा इशारा इंग्रजी व हिंदी या दोन्ही भाषांत ठळकपणे छापणे बंधनकारक आहे. वत्सनाभ, धत्तूर, जयपाल, भल्लातक, विषमुष्टी, पारद, हिंगूळ, हरताल ही द्रव्ये त्या अनुसूचीत आहेत. त्रिभुवनकीर्ती रसासारख्या रोजच्या वापरातील कल्पात वत्सनाभ व हिंगूळ दोन्ही आहेत, हे येथे स्मरावे.

हा इशारा सामान्यतः लेबलाच्या तळाशी असतो. घटकांची यादी व इशारा एकाच मजकूरपेटीत असेल आणि फाँट बदलून ओळी उंच झाल्या, तर सर्वांत खालची ओळच प्रथम चौकटीबाहेर जाते. कुड्याच्या पृष्ठावर सहावे नाव जसे निमूटपणे नाहीसे झाले, तसाच इशारा नाहीसा होतो. म्हणून इशाऱ्याची पेटी स्वतंत्र असावी, तिचा आधार लेबलाच्या तळाच्या कडेपासून मोजलेला असावा आणि कोणताही मजकूर कापणीरेषेच्या आत किमान ३ मिलिमीटर असावा. एकाच साच्यावरून अनेक औषधांची लेबले करताना घटकयादी लांबते, तेव्हा ही दक्षता अधिकच आवश्यक.

तपासणीची रीत

प्रूफ तपासताना केवळ अक्षरे वाचू नयेत. नाव व वस्तू यांची जोडी वाचावी. एकाने मूळ रेखाटनावर बोट ठेवून वस्तू सांगावी व दुसऱ्याने प्रुफात तिच्यासमोर असलेले नाव मोठ्याने वाचावे. आरंभ शेवटच्या नावापासून करावा, कारण साखळीने वाढणारा दोष पहिल्या नावात शून्य असतो व शेवटच्यात सर्वाधिक. नावांची संख्या मोजावी. मूळ चित्रात सहा असतील तर प्रुफात सहाच हवीत. तपासणी छापील प्रतीवर करावी व ती प्रत ज्या धारिकेवरून छापली, तीच धारिका छपाईस द्यावी. तपासणीनंतर एकही दुरुस्ती झाली तर ते पृष्ठ पुन्हा पहिल्यापासून तपासावे.

स्वाध्याय

पुढील तीन प्रसंगांचे निदान वाचकांनी प्रथम स्वतः करावे.

(अ) चित्राच्या डाव्या कडेपासून ४८ मिलिमीटरवर असावयाचे नाव ४५ वर आणि ९६ वर असावयाचे नाव ९० वर सापडले.

(आ) २०, ३० व १२ मिलिमीटर रुंदीची तीन नावे अनुक्रमे १०, १५ व ६ मिलिमीटर उजवीकडे गेली.

(इ) बाराही नावे ७ मिलिमीटर वर गेली. अक्षरे व रुंदी यथास्थित.

उत्तरे अशी : (अ) दोन्ही ठिकाणी गुणोत्तर ०.९३७५, म्हणजे ९० भागिले ९६, मापनातील भेद. (आ) प्रत्येक नाव निम्म्या रुंदीने सरकले. मध्यावर धरलेला मजकूर डाव्या कडेने वाचला गेला. (इ) सर्वांचे सरकणे सारखे, सीमाचौकट तपासावी.

समारोप

कुड्याचे पृष्ठ आम्ही पुन्हा बांधले. सहा नावे स्वतंत्र केली, प्रत्येकास निर्देशक रेषा दिली, नुसत्या ‘पांढरा’ व ‘काळा’ यांऐवजी ‘पांढरा कुडा : साल’ असे भागासह नाव लिहिले आणि छपाईच्या प्रतीत अक्षरे रेषांकित केली. भागाचे नाव जोडल्याने पुढे कधी नाव चुकून शेजारच्या चित्राजवळ गेले तरी सालीपुढे ‘बी’ असे वाचून चूक तत्काळ ध्यानात येईल. या सर्वास एक सायंकाळ पुरली. वाचकांनी आपल्या हाताशी असलेली एखादी जुनी पुस्तिका, तक्ता किंवा लेबल घेऊन त्यातील शेवटच्या नावापासून तपासणी करून पाहावी, एवढेच सुचवितो. ज्यांच्या नजरेस असा दोष येईल त्यांनी नाव ओढून जागेवर बसविण्यापूर्वी मोजपट्टी हाती घ्यावी.